चिलारमाळावरची बारा नावं

१

मंगळवारी दुपारी साडेबाराला चिलारमाळच्या शाळेतली बारा पोरं नाहीशी झाली. नाहीशी झाली तेव्हा ती बाराही जणं माझ्यासमोर व्हरांड्यात मांडी घालून खिचडी खात होती.

कोड्यात बोलत नाही, सांगते. मी अंजना बंडगर. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि मिरजेचं क्वार्टर सोडून कवठे महांकाळजवळच्या या आमच्या धनगरांच्या वस्तीवर परत आले. शाळेच्या व्यवस्थापन समितीत मला 'शिक्षणप्रेमी सदस्य' करून ठेवलंय. प्रेम वगैरे ठीक आहे, पण भांडायला कुणीतरी लागतं म्हणून मला घेतलं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शाळा पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट तेवीस. वीसच्या आतल्या शाळा बंद करून पोरं लांबच्या मोठ्या शाळेत घालायची, अशी यादी वर निघाली होती. आमच्या बारा पोरांचं आधार संगणकावर जुळत नव्हतं, त्यामुळं संगणकाच्या हिशेबी आमच्याकडं अकराच पोरं. बुधवारी सकाळी अकराला सांगलीत सुनावणी होती. कागद आला होता, त्यात साफ लिहिलेलं, मूळ जनरल रजिस्टर घेऊन या, त्यात जे असेल ते धरलं जाईल. जनरल रजिस्टर म्हणजे पोरगं शाळेत दाखल झालं की ज्यात नाव चढतं ती जाडजूड वही. हजेरीसुद्धा त्या वहीत नाव असेल तरच खरी.

पट वीसच्या वर ठरला तर शाळा राहणार आणि हंगामी वसतिगृहही मिळणार. आईबाप मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागले तरी पोरं वस्तीवर राहून शिकणार. नाही ठरला, तर दिवाळीनंतर चौथीतली समीक्षा घोड्यावर कोकरांच्या जाळीशेजारी बसून निघणार, आणि तिची शाळा तिथंच संपणार. मी त्याच घोड्यावर बसले होते. तिसरीत. एका गुरुजींनी मला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं म्हणून खाकी वर्दी अंगावर चढली. दर पोरीला असे गुरुजी कुठनं आणायचे?

तर त्या दुपारी मी म्हटलं, उद्या साहेबापुढं ठेवायची वही आज एकदा बघू द्या. मुख्याध्यापक लालासाहेब शेळके यांनी कपाटातनं रजिस्टर काढून दिलं. खाकी कव्हर नवंकोरं, पंधरा ऑगस्टला सगळ्या वह्यांना घातलेलं. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली हळदीकुंकवाची दोन बोटं. मी पानं उलटत गेले. जेमतेम साठ नोंदी. आणि शेवटच्या रकान्यात बारा नावांपुढं एकच शेरा: 'स्थलांतर. नाव कमी केले. दि. २० जून.' खाली लालासाहेबांची सही.

बाराही नावं तीच होती, आधार न जुळणारी.

"गुरुजी," मी म्हटलं, "ही बारा पोरं कुठं गेली?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही नाकाशी नेऊन बघितली.

२

"सही माझी दिसते, पण मी केलेली नाही," लालासाहेब म्हणाले. लोणंदचा माणूस, सहा वर्षं या माळावर काढलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मे महिन्यात रिटायर होणार. "अंजनाबाई, माझ्या नातवाची शपथ."

"शपथा कोर्टात," मी म्हटलं. "किल्ली कुणाकडं असते?"

"एक माझ्याकडं, एक राजेश्वरी मॅडमकडं. पण माझी किल्ली त्या खिळ्यालाच असते. पाणी प्यायला येणाऱ्यालाही माहीत."

"अक्षर कुणाचं?"

"ते कसं सांगू? आम्हा गुरुजींचं अक्षर एकाच साच्यातलं. डी. एड.ला घोटून घेतलेलं असतं."

हे खरं होतं. शाळेच्या फळ्यावर तेच अक्षर, भिंतीवरच्या पाढ्यांना तेच अक्षर. त्या वहीतल्या काही नोंदी त्यांच्या आणि काही मॅडमच्या असणार, पण मला सगळ्या एकाच हाताच्या वाटत होत्या. तेव्हा त्यावर मी विचार केला नाही, ही माझी चूक.

तोवर बातमी चुलीपाशी पोचली होती. खिचडी शिजवणारी रंगुबाई कोळेकर डाव हातात घेऊनच आत आली. तिची दोन नातवंडं त्या बारांत होती.

"मास्तरांनीच केलंय हे," ती म्हणाली. "बदली न्हाई तर सुटका, त्यांना कायबी चालतंय. परवा मला म्हणत व्हते, रंगुबाई, आता माझ्यानं व्हत न्हाई."

"गुडघ्याबद्दल म्हणालो होतो मी," लालासाहेब म्हणाले.

"रंगू, कपाटाला हात कोण लावतं?" मी विचारलं.

"मी लावते की. तांदळाचं माप त्यातच ठेवत्यात. मला धरून न्यायचं असंल तर न्या. पर मला लिवता येत न्हाई, ही गोष्ट आधी साहेबाला सांगा."

सहीपुरतं तिला येत होतं. समितीच्या कागदावर ती 'रंगुबाई' एवढं लिहायला पाच मिनिटं घेते. तिला सोडून दिलं. पण ती जाताजाता एक बोलून गेली ते मात्र डोक्यात अडकून राहिलं.

"वीस जूनला माझी लेक आन जावई वाटंवर व्हते. मेंढरं घेऊन घराकडं यायला लागले व्हते. जूनमधी कोण जातंय गं माळ सोडून?"

३

समितीचा अध्यक्ष आप्पासो मासाळ. मला भाऊच लागतो, पण खात्यात मी नातं बघितलं नाही, आता कशाला बघू? त्याचा पोरगा राजवर्धन तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन चालवतो. आमची शाळा बंद पडली तर ज्यांना परवडतं त्यांची पोरं त्या व्हॅनमध्ये बसणार. मी थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आप्पासो, खरं सांग. शाळा बुडावी असं तुझ्या घरात कुणाला वाटतं का?"

त्याचं तोंड लालेलाल झालं. "अंजे, तू बहीण हायस म्हणून ऐकून घेतोय. राजवर्धनच्या व्हॅनीत बसायला पैसं लागत्यात. त्या बारा पोरांच्या घरात कुणाकडं हायत? व्हॅन भरायची तर बाकीची अकरा काढायची व्हती, ही बारा कशाला काढंल कोण?"

बरोबर होतं. बोलणं रांगडं, पण हिशेब चोख. आणि जूनची गोष्ट त्यालाही लागू होती. आप्पासोनं स्वतः चाळीस वर्षं मेंढरं राखलीत. आमच्यात दसरा झाला, दिवाळी झाली की माळ सुटतो, आणि मृगाच्या सुमाराला कळप घरी येतो. आमच्यातल्या कुणी खोटी तारीख घालायची ठरवली असती, तर कार्तिकातली घातली असती. वीस जून घालणारा माणूस कळपाचं वेळापत्रक बघत नव्हता. तो शाळेचं बघत होता. पटाची मोजणी सप्टेंबरअखेरच्या आकड्यावर होते. नावं त्याच्या आत कमी झाली तरच उपयोग. हे ठाऊक असायला गुरुजीच असावं लागतं.

म्हणजे दोघंच राहिले. एक मोतीबिंदूवाले लालासाहेब आणि दुसरी राजेश्वरी थोरात.

खरं सांगते, मला राजेश्वरी मॅडमचं नाव घ्यायला नको वाटत होतं. आष्ट्याची पोर, वय तीसच्या आत, दोन वर्षांपूर्वी आली. आमच्या पोरांच्या डोक्यातल्या उवा काढणारी पहिली मास्तरीण. प्रांजल नावाची एक पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती, हिनं तिच्याकडनं कविता म्हणून घेतली. नवरा फौजेत, लेहला. चार वर्षांचा पृथ्वीराज आष्ट्याला सासूजवळ. ही कवठ्यात एका खोलीत भाड्यानं राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडायची.

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" मी वर्गाच्या दारात विचारलं.

ती वह्या तपासत होती. मान वर केली नाही. "सरांना दिसत नाही हल्ली. कुणीतरी कागद पुढं केला असेल, सही झाली असेल."

"रजिस्टरात सही आहे, सुट्या कागदावर नाही."

"मग मला नाही सांगता यायचं, आत्या."

तिनं एका वहीवर बरोबरची खूण केली. मी बघितलं, त्या पानावरचं गणित चुकलेलं होतं.

४

पण चुकलेल्या गणितावर कुणाला धरता येत नाही. घाबरलेलं माणूस गुन्हेगार असतंच असं नाही, हे मी नव्या शिपायांना बत्तीस वर्षं सांगत आले. उद्या अकराला साहेबापुढं मी काय ठेवणार होते? लालासाहेबांनी शेरे खोडून वर पुन्हा सही केली असती तर खाडाखोड म्हणून वहीच बाद झाली असती. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

चारच्या सुमाराला माझी चुलती धोंडुबाई शाळेत आली. वय ऐंशीच्या पुढं, हातात भंडाऱ्याची पिशवी. उद्या पोरांचं काम आहे म्हणून बिरोबाचा भंडारा लावायला. धनगराच्या घरात कुठलंही काम भंडाऱ्याशिवाय सुरू होत नाही, मग कळप निघू दे, नाहीतर पोरगं शाळेत जाऊ दे. तिनं एकेका पोराच्या कपाळाला पिवळं बोट ओढलं आणि माझ्याकडं वळली.

"ती वही आण हिकडं. तिलाबी लावते. पर औंदा बोटभरच लावते बाई. मागल्या बारीला मूठभर उधळला, तर अर्धी वही पिवळी झाली आन तुझा ह्यो मास्तर माझ्यावर लय वरडला."

"मागल्या बारीला म्हणजे कवा?"

"वही नवी घातली तवा. तू मिरजंत व्हतीस."

लालासाहेब दारात उभे होते. "खरं आहे. माझं इथलं पहिलंच वर्ष. वही उघडून ठेवली आणि यांनी वरनं मूठ टाकली. किती झटकलं, डाग गेला नाही. पहिली चार पानं हळदीगत झाली होती."

मी रजिस्टर उघडलं. पहिलं पान पांढरंफेक. दुसरं, तिसरं, चौथं, कुठंही पिवळा कण नाही. 'श्री' आणि त्याखाली सुबक हळदीकुंकू.

सगळं एकदम जागेवर बसलं. आम्ही दुपारपासनं शेरे कुणी लिहिले ते शोधत होतो. शेरे कुणी घुसडलेच नव्हते. आख्खी वहीच दुसरी होती. साठ नोंदी बसून उतरवलेल्या, बारा पोरांपुढं शेरा टाकलेला, वर नवं कव्हर. म्हणून सगळी वही एका हाताची वाटत होती.

आणि वही लालासाहेबांनी उतरवली नव्हती. डाग त्यांना पाठ होता. त्यांनी खोटी वही केली असती तर सगळ्यांत आधी पान पिवळं केलं असतं. शिवाय त्या डोळ्यांनी साठ ओळी सुबक उतरवायच्या म्हणजे अवघडच. वही ज्यानं केली त्यानं तो पिवळा डाग बघितला, पण त्याचा अर्थ त्याला लागला नाही. आणि कोरी वही समोर आल्यावर त्याच्या घरात जे करतात तेच केलं, श्री लिहिलं आणि हळदीकुंकू लावलं. फसवायला म्हणून लावलं नव्हतं. सवयीनं लावलं.

मी बाहेर बघितलं. सायकलींपाशी पोरं उभी होती.

"मॅडम कुठं हायत?"

"पोट दुखतंय म्हणून मघाशीच गेल्या आत्ती," समीक्षा म्हणाली. तिच्या कपाळाला भंडारा होता. "उद्या आमाला बी सांगलीला न्येणार न्हवं?"

"न्येणार," मी म्हटलं. खरी वही कुठं आहे ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

५

राजवर्धनच्या व्हॅनमधनं कवठ्याला पोचेपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. खरी वही जाळली असेल तर सगळं संपलं. ती जाळायला काडीपेटी पुरे होती.

पण मग मनाला म्हटलं, थांब अंजना. जिला खोट्या वहीवर पहिली ओळ लिहायच्या आधी हळदीकुंकू लावल्याशिवाय राहवलं नाही, ती बाई पोरांची नावं असलेली वही चुलीत घालणार नाही. तिच्या हातनं ते होणारच नाही. ती वही पाय लागणार नाही अशा जागी ठेवणार.

साडेपाच वाजले होते. तिनं दार उघडलं तेव्हा फोनवर पोरगं होतं. 'आई कधी येणार' असं तीनदा ऐकू आलं. तिनं फोन बंद केला. मी चपला बाहेर काढल्या, आत गेले आणि काही न विचारता कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढं उभी राहिले. अंबाबाईच्या फोटोखाली हिरव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी जाड होतं.

"मी उघडू का तुम्ही उघडता?"

तिनं उघडलं. कव्हर फाटकं, कोपरे दुमडलेले. पहिलं पान पिवळंधमक.

"मला वाटलं खिचडीची हळद सांडलीय," ती म्हणाली. "कपाटात तांदळाचं माप असतं ना."

मग तिनं सगळं सांगितलं. बदलीचे तीन अर्ज केले, तिन्ही वेळा यादीत नाव नाही. सासूला आता पोर आवरत नव्हतं. शाळा बंद झाली तरच ती अतिरिक्त ठरणार होती, आणि अतिरिक्त ठरली तरच तिला दुसरीकडं नेमावं लागणार होतं. आष्टा वाळवा तालुक्यात, आणि तिथं जागा रिकाम्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत वही आष्ट्याला नेली, पोर झोपलं की रोज पाच-पाच नोंदी उतरवल्या, जूनमधली नवी नावं मागनं चढवली. पंधरा ऑगस्टच्या कव्हरांत अदलाबदल केली.

"ती पोरं तशीही दिवाळीनंतर जाणारच ना, आत्या."

इथं माझा ताबा सुटला. "जाणार नव्हती. त्याच्यासाठीच वसतिगृह मागितलंय. तुमच्या एका पोराला आई मिळावी म्हणून माझ्या बारा पोरांची शाळा घ्यायची? प्रांजलला तुम्हीच बोलतं केलंत ना? तिच्यापुढं 'नाव कमी केले' लिहिताना हात कसा चालला?"

"चालला नाही," ती म्हणाली. "तिचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं."

ती रडली. मी तिला पाणी दिलं, पण गप्प बस म्हटलं नाही. मला तिची कीव आली आणि तिच्या कानशिलात द्यावीशीही वाटली. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं.

"लालासाहेबांची सही तुम्ही केलीत," मी म्हटलं. "तो माणूस मे महिन्यात घरी जायचा, तो तुरुंगात गेला असता. उद्या सकाळी आठला तयार राहा. तुम्ही माझ्याबरोबर सांगलीला येणार, आणि तुमच्या तोंडानं सांगणार. आणि तुमच्या त्या तिन्ही अर्जांच्या झेरॉक्स असतील त्या बरोबर घ्या."

"त्या कशाला?"

"घ्या म्हटलं की घ्यायच्या."

६

सांगलीच्या ऑफिसात आम्ही एकतीस जण गेलो. तेवीस पोरं, समिती, लालासाहेब आणि राजेश्वरी. शिपाई म्हणाला, पोरं बाहेर थांबवा. मी म्हटलं, थांबवते की, पण कागदावर ती नाहीतच, मग बाहेर कोण थांबणार? तो बाजूला झाला.

साहेबांनी पोरांकडं बघितलंसुद्धा नाही. "मावशी, पोरं बघून पट ठरत नाही. रजिस्टर दाखवा."

मी पिवळी वही पुढं ठेवली. सध्याच्या पोरांची तेवीस नावं, एकालाही शेरा नाही. त्यांनी बोटानं एकेक ओळ मोजली. मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि ते ते पोरगं 'हजर' म्हणालं. तेविसाव्या नावापाशी साहेबांनी पेन उघडलं. सुनावणीच्या कागदावर 'पट तेवीस, शाळा सुरू ठेवावी' एवढं लिहायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. वसतिगृहाचा प्रस्ताव त्यांनी बाजूला सारला होता. मी तो उचलून पुन्हा समोर ठेवला आणि सही होईपर्यंत त्यावर हात ठेवून उभी राहिले.

मग दुसरी वही काढली. राजेश्वरीनं मान खाली घालून, पण एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. लालासाहेबांनी तोंड फिरवलं. रंगुबाई तिच्याकडं टक लावून बघत राहिली.

"ही फौजदारी बाब आहे," साहेब म्हणाले. "तुमची लेखी तक्रार आहे का?"

"आहे," मी म्हटलं आणि कागद पुढं केला. राजेश्वरीचे खांदे पडले. खोटं मी झाकणार नव्हते. एकदा झाकलं की पुढच्या माळावर दुसरी वही तयार होते.

"ठीक आहे. या तुम्ही."

"अजून एक कागद आहे साहेब." मी तिच्या तीन अर्जांच्या झेरॉक्स टाचून त्यावर समितीचं पत्र लावलं होतं, आप्पासोच्या सहीचं आणि रंगुबाईच्या पाच मिनिटांच्या सहीचं. "हिनं तीनदा रीतीनं मागितलं. तीनदा तुमच्या ऑफिसनं उत्तरसुद्धा दिलं नाही. लेकराजवळ जायला बाईला एक शाळा बुडवावी लागते, अशी वाट तुम्ही ठेवलीत. वही हिनं लिहिली, ते ती भोगेल. ही वाट कुणी लिहिली, त्याची चौकशी कोण करणार?"

"हा आजचा विषय नाही."

"मग कवाचा?"

व्हरांड्यात कुणीतरी पाण्याच्या टाकीचा नळ उघडझाक करत होतं.

साहेबांनी दोन्ही कागद ट्रेमध्ये टाकले आणि पुढची फाइल ओढली. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

"आता काय, मावशी?"

"पोच द्या," मी म्हटलं. "दोन्हीची."

त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या तेवीस पोरांकडं पहिल्यांदा बघितलं. शिक्का तक्रारीवर लगेच बसला. अर्जावर बसायला पावणेदोन वाजले. तोवर आमच्यातलं कुणी उठलं नाही.